धागा: कॅनडाच्या उत्तरेतले खडीचे विमानतळ आणि त्यांच्यावर जगणारी आदिवासी गावं

उत्तरायण | सोमवार, रात्री ९:१२

कॅनडा सहलीच्या धाग्यावर परवा एक प्रतिसाद वाचला: 'चारशे वस्तीच्या गावाला सरकारी खर्चाने विमानतळ हवाच कशाला?' तिथे उत्तर देत बसलो असतो तर मूळ विषय भरकटला असता, म्हणून हा वेगळा धागा. मी बरीच वर्षं ओंटारियो प्रांतातल्या थंडर बेला राहतो, कामानिमित्त उत्तरेकडच्या गावांत जाणं-येणं असतं, आणि हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे.

आधी भूगोल. ओंटारियो म्हटलं की आपल्याला टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन आठवतं. पण थंडर बेच्याही बरंच वर, पिकल लेक नावाच्या लहानशा गावाशी प्रांताचा ५९९ क्रमांकाचा हमरस्ता संपतो. पुढे काही अंतर खडीची वाट जाते, मग तीही थांबते. तिथून हडसन बेच्या किनाऱ्यापर्यंत नुसती तळी, दलदल आणि खुरटं जंगल. सँडी लेक, बिग ट्राउट लेक, नेस्कंटागा, वेबिक्वी, फोर्ट सेव्हर्न ही ओजी-क्री, क्री आणि अनिशिनाबे लोकांची गावं त्या पट्ट्यात आहेत. फोर्ट सेव्हर्न हे सू लुकआउट या रस्त्याने जोडलेल्या गावापासून हवाई मार्गाने सुमारे ७०० किलोमीटर. हिवाळ्यातले काही आठवडे सोडले तर तिथे जायचं विमानानेच.

ओंटारियोचं परिवहन खातं अति-उत्तरेत असे २९ विमानतळ चालवतं, त्यांतले २७ फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी समाजांच्या, गावांसाठी आहेत. बहुतेक ठिकाणी धावपट्टी खडीची आणि लांबी साधारण ३,५०० फूट. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एक तृतीयांशही नाही. बाजूला एक ठोकळेवजा इमारत, एक गॅरेज, त्यात खडी सपाट करणारा ग्रेडर आणि बर्फ हटवायचा लोडर. हिवाळ्यात पहाटे गावातलाच माणूस लोडर घेऊन पट्टी साफ करतो, मग गाडीत बसवलेल्या यंत्राने ब्रेक मारून घसरण किती आहे ते मोजतो आणि तो आकडा कळवतो. तो आकडा वाईट निघाला तर विमान येत नाही. विमान नाही तर रक्ताचे नमुने जात नाहीत, औषधं येत नाहीत, आणि दुकानातलं दूध संपतं.

विमानातून काय उतरतं ते एकदा उभं राहून बघावं. डायपरचे खोके, अंडी, नर्सिंग स्टेशनची औषधं, स्नोमोबाइलचा पट्टा, शाळेची पुस्तकं, आणि कधीकधी शहरातल्या रुग्णालयात गेलेल्या आजीची शवपेटी. ती आली की सगळं गाव धावपट्टीशी येऊन उभं राहतं. परत जाताना त्याच विमानात तपासणीला निघालेले रुग्ण असतात, दिवस भरत आलेल्या बायका असतात, आणि ऑगस्टअखेरीस दहावीनंतरच काय, आठवीनंतरच शिकायला शहरात निघालेली मुलं असतात, कारण कित्येक गावांत पूर्ण हायस्कूल नाही.

आता पैशाचं. छोट्या विमानतळांच्या सुरक्षेच्या कामांसाठी केंद्र सरकारची एक मदत योजना १९९५ पासून आहे. तिची एक अट अशी की वर्षाला निदान १,००० नियमित प्रवासी हवेत. सगळ्या देशासाठी मिळून तिची तरतूद वर्षानुवर्षं साधारण ३ कोटी ८० लाख डॉलरच्या घरात राहिली. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी २०१७ साली ११७ दुर्गम उत्तरी विमानतळांचा विचार करून अहवाल दिला, आणि गरजा वर्षानुवर्षं माहीत असूनही केंद्रीय परिवहन खात्याने पुढाकार घेतला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: या धावपट्ट्यांना प्रवासीसंख्येचं माप लावणंच चूक आहे. रस्त्याला, नळाच्या पाण्याला, दवाखान्याला आपण ते लावत नाही. पैसा तसा ठरला पाहिजे, आणि कोणतं काम आधी करायचं हे त्या गावाने ठरवलं पाहिजे.

प्राजक्ता_के | सोमवार, रात्री १०:०५

माहितीबद्दल आभार. एक साधा प्रश्न: एवढा श्रीमंत देश, मग रस्तेच का बांधत नाहीत? एकदा खर्च केला की कायमचं काम झालं.

उत्तरायण | सोमवार, रात्री १०:४८

प्राजक्ता, बांधायला हवेत असं तिथल्याही काही गावांचं म्हणणं आहे, काहींचं नाही. रस्त्याबरोबर खाणी आणि बाहेरची माणसं येतील ही धास्ती आहे. पण जमीनही सोपी नाही. खाली फूटच्या फूट पीट (कुजलेल्या वनस्पतींची भुसभुशीत माती), वर पाणी, मध्येच कठीण खडक, आणि प्रत्येक दहा-पंधरा किलोमीटरवर नदी नाहीतर तळं.

सध्या जो रस्ता आहे तो हिवाळ्यातला. जानेवारीच्या सुमारास तळी आणि दलदल गोठली की त्यावरून बर्फ दाबून वाट करतात आणि मार्चपर्यंत ट्रक धावतात. डिझेल, घरं बांधायचं सामान, मोठी यंत्रं सगळं त्या काही आठवड्यांत आणायचं. आता तो हंगाम आखडत चाललाय. २०२४ च्या फेब्रुवारीत बर्फ पुरेसा जाड न झाल्याने निश्नॉबे अस्की नेशनच्या प्रमुखांनी आणीबाणी जाहीर केली. (ही ४९ फर्स्ट नेशन्सची संघटना.) रस्ता झाला नाही की तेच सामान विमानाने आणावं लागतं, अनेक पट खर्चाने. म्हणजे हवामान बदलतंय तसा या खडीच्या पट्टीवरचा भार वाढतोय.

विजेच्या बाबतीत मात्र सुधारणा झाली आहे. वाटायनिकानेयाप पॉवर ही २४ फर्स्ट नेशन्सच्या बहुमताच्या मालकीची वीजवाहिनी. २०१८ च्या डिसेंबरात पिकांजिकम तिला जोडलं गेलं, त्यानंतर बाकीची गावं एकेक करून. तिथे जनरेटरसाठी विमानाने डिझेल वाहण्याची पाळी आता तेवढी येत नाही.

पाना_हातोडा | मंगळवार, सकाळी ७:३०

मी विनिपेगला विमान देखभालीत आहे. थोडं तांत्रिक लिहितो.

खडीवर कुठलंही विमान उतरवता येत नाही. पुढच्या चाकाने उडवलेला दगड थेट इंजिनात जातो किंवा पोटाला भोकं पाडतो. बोइंग ७३७-२०० ला यासाठी एक खास संच मिळायचा: पुढच्या चाकामागे स्कीसारखा पत्रा, इंजिनाच्या तोंडाखाली एक नळी जिच्यातून हवेचा झोत मारून खालचा भोवरा मोडतात म्हणजे खडी ओढली जात नाही, आणि टायरमध्ये हवा कमी. नंतरच्या ७३७ ना असा संच नाही, त्यांची इंजिनं मोठी आणि जमिनीला फार जवळ. कॅनेडियन नॉर्थने आपली ७३७-२०० विमानं २०२३ साली निवृत्त केली. म्हणजे खडीवर मोठं जेट जवळपास संपलं. आता एटीआर, डॅश-८, पिलाटस पीसी-१२, कॅरव्हॅन, ट्विन ऑटर ही पंख्याची लहान विमानं. चांगली विमानं आहेत, पण एका खेपेला कमी माल, म्हणजे किलोमागे भाडं जास्त.

पण मला जास्त लिहायचंय ते डी-आयसिंगबद्दल, म्हणजे उड्डाणाआधी विमानावरचा बर्फ काढण्याबद्दल. १३ डिसेंबर २०१७ रोजी सास्काचेवानमधल्या फॉन-दु-लाक या देने आदिवासींच्या गावातून एक एटीआर ४२ संध्याकाळी उडालं आणि मिनिटभरात झाडांत कोसळलं. आत २५ जण. दहा जण गंभीर जखमी, त्यांतल्या एकाचा पुढे मृत्यू झाला. येतानाच पंखांवर बर्फ धरला होता, तो न काढता उड्डाण झालं. कॅनडाच्या वाहतूक अपघात तपास मंडळाने तिथे डी-आयसिंगला काय साधनं होती त्याची नोंद केली आहे: दोन शिड्या, हाताने मारायचा फवारा, द्रव गरम ठेवायला विजेचं ब्लँकेट आणि द्रवाचा डबा. उणे तापमानात, वाऱ्यात, अंधारात शिडीवर चढून एटीआरचा सगळा पंख आणि शेपटी हाताने फवारायची. मी हे काम हँगरच्या दारात, चांगल्या उजेडात, बूम लावलेल्या ट्रकवरून करतो आणि तरी बोटं बधिर होतात.

वैमानिकाने तसं उडायला नको होतं, हे खरंच. पण मंडळाने २०१८ च्या डिसेंबरात शिफारस केली ती एका कंपनीपुरती नव्हती. दुर्गम उत्तरी विमानतळांवर बर्फासकट उडणं सर्रास होतं, पुरेशी साधनं कुठे नाहीत ते शोधा आणि पुरवा, असं त्यांनी केंद्राला सांगितलं. त्यासाठी आधी वैमानिकांचं सर्वेक्षणही केलं होतं. टोरांटोच्या विमानतळावर असं एक दिवसही कुणी खपवून घेतलं नसतं.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १:१५

वाचतोय, आणि सहानुभूती आहे. तरी दुसरी बाजू मांडतो. करदात्याचा पैसा कुठेतरी मोजूनच वापरावा लागतो. काही शेकड्यांच्या वस्तीसाठी विमानतळ, नर्सिंग स्टेशन, शाळा सगळं स्वतंत्र उभं करायचं, आणि हवामान बदलामुळे तो खर्च वाढतच जाणार. लोकांना स्वेच्छेने, चांगली भरपाई देऊन रस्त्याजवळ वसवण्याचा पर्याय कुणी गंभीरपणे का मांडत नाही?

उत्तरायण | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

मांडला गेलाय, आणि स्वेच्छेशिवाय अमलातही आणला गेलाय. म्हणून तो शब्द तिथे उच्चारला की माणसं गप्प होतात.

१९५३ आणि १९५५ साली कॅनडा सरकारने उत्तर क्वेबेकमधल्या इनुकजुआकच्या इन्युइट (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी) कुटुंबांना जहाजाने सुमारे २,००० किलोमीटर वर नेऊन रेझोल्यूट आणि ग्रीस फियोर्ड इथे सोडलं. शिकार भरपूर मिळेल, नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत आणू, असं सांगितलं होतं. तिथे कित्येक महिने काळोख, ओळखीची झाडंझुडपं नाहीत, शिकार वेगळी. परत आणण्याचं वचन पाळलं नाही. सरकारने माफी मागितली ती २०१० साली. आज ग्रीस फियोर्डची धावपट्टी इतकी आखूड आणि डोंगरात अडकलेली आहे की ट्विन ऑटरसारखं विमानच तिथे उतरतं. ज्या सरकारने माणसं तिथे नेऊन ठेवली, त्यानेच 'एवढ्याशा वस्तीला विमानतळ कशाला' असं म्हणायचं?

ओंटारियोत गोष्ट थोडी वेगळी. यातली बहुतेक 'ट्रीटी ९' या कराराची भूमी. १९०५-०६ मध्ये करार झाला, १९२९-३० मध्ये उत्तरेची आणखी गावं त्यात आली. जमिनीच्या बदल्यात सरकारने जबाबदाऱ्या पत्करल्या. आधी ही कुटुंबं हंगामाप्रमाणे फिरत; एका जागी वसली ती शाळा, चर्च आणि व्यापारी ठाण्यांभोवती. त्यामुळे, हिशेबनीस, खर्चाचा हिशेब मांडताना समोरच्या बाजूला काय घेतलं गेलं तेही लिहावं लागेल. खाणी, लाकूड, जलविद्युत, सगळं.

सुनंदा_आर | मंगळवार, रात्री ११:२०

मी नर्स आहे. उत्तरेतल्या एका नर्सिंग स्टेशनवर पाळीपाळीने काम केलंय. गावाचं नाव लिहीत नाही.

तिथे डॉक्टर कायम नसतो. रात्री कुणाला छातीत दुखायला लागलं, मूल निळं पडलं, की आम्ही फोनवर शहरातल्या डॉक्टरशी बोलतो आणि हवाई रुग्णवाहिका मागवतो. ओंटारियोत ती ऑर्न्ज चालवते. मग सुरू होतं थांबणं. ढग किती खाली आहेत? वारा आडवा आहे का? एका रात्री सेप्सिसची पेशंट होती, उणे ३८. विमानतळाच्या माणसाला उठवलं, त्याने तासभर पट्टी साफ केली. विमान डोक्यावर घरघरताना ऐकू आलं, दोनदा खाली येऊन परत वर गेलं, आणि निघून गेलं. बर्फाच्या धुरळ्यात पट्टी दिसली नाही. आम्ही तिला ट्रकमधून परत आणलं, सलाइनची पिशवी माझ्या जॅकेटच्या आत धरून, नाहीतर नळीतच गोठली असती. सकाळी दुसरं विमान आलं. ती वाचली. धावपट्टीच्या तोंडाशी मार्गदर्शक दिवे असते तर ती रात्रीच गेली असती असं वैमानिक म्हणाला. तेव्हापासून 'अॅप्रोच लाइट' हा शब्द मला औषधाच्या नावासारखा वाटतो.

दुसरं, बाळंतपणं. बहुतेक गावांत बायकांना ३६ ते ३८ व्या आठवड्यात विमानाने शहरात पाठवतात. तिथे वसतिगृहात नाहीतर हॉटेलात आठवडेच्या आठवडे एकटीने काढायचे. सोबतीला माणूस न्यायचा खर्च केंद्राची योजना सरसकट द्यायला लागली ती २०१७ पासून, तोवर काही ठरावीक कारणांसाठीच मिळायचा. घरी दोन लहान मुलं, नवरा तिकडे, आणि ही अठरा-वीस वर्षांची पोरगी अनोळखी शहरात कळा देते. मी अशा मुलींचे हात धरलेत.

भामरागडी | बुधवार, सकाळी ६:४०

सुनंदाताई, हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, पलीकडच्या माडिया पाड्यांचे तर विचारूच नका. त्यासाठी आदिवासी भागात आरोग्य केंद्रांना जोडून 'माहेरघर' काढली आहेत. दिवस भरत आले की बाई आठ-दहा दिवस आधी येऊन राहते, सोबत लहान मूल आणि घरची एखादी बाई असते. सगळीकडे नीट चालतात असं नाही. पण निदान भाषा तीच, जंगल तेच, आणि घरचं माणूस येऊन भेटू शकतं. तिकडे जवळपास असं काही करता येत नाही का?

सुनंदा_आर | बुधवार, संध्याकाळी ६:०५

करता येतं, आणि केलंही आहे. क्वेबेकच्या उत्तरेला, नुनाविकमधल्या पुविर्निटुक गावात १९८६ साली इन्युइट बायकांच्या आग्रहातून प्रसूतिकेंद्र उभं राहिलं. गावातल्याच बायकांना सुईणीचं रीतसर शिक्षण दिलं, आणि आज तिथे इन्युइट सुईणी बाळंतपणं करतात. अवघड केस असेल तरच विमान. म्हणजे धावपट्टी हवीच, पण प्रत्येक बाईला त्यावरून पाठवायची गरज उरत नाही. ओंटारियोच्या गावांनाही हेच हवंय. तुमच्या 'माहेरघरा'बद्दल मी इथल्या सहकाऱ्यांना सांगणार आहे, नक्की.

प्राजक्ता_के | बुधवार, रात्री ९:३०

विमानतळच नसेल तर काय होतं, याचं काही उदाहरण आहे का? म्हणजे सगळ्याच गावांना आहे का?

पाना_हातोडा | बुधवार, रात्री १०:१०

सगळ्यांना नाही. मॅनिटोबात, माझ्याच प्रांतात, वासागामॅक. २०१७ च्या ऑगस्टअखेर जंगलाची आग गावाशी आली तेव्हा तिथे धावपट्टी नव्हती. शेकडो माणसं, म्हातारी, तान्ही, रात्री धुरातून होड्यांनी तळं ओलांडून सेंट थेरेसा पॉइंटला गेली आणि तिथून विमानात बसली. लाटा होत्या, अंधार होता. धावपट्टी असली की निदान हर्क्युलिस तरी येतं; २०१९ ला पिकांजिकम आणि २०२५ च्या जूनमध्ये सँडी लेक अशीच लष्कराच्या हर्क्युलिसमधून हलवली. ते अवाढव्य विमान खडीवर उतरू शकतं, हे त्या गावांचं भाग्य.

गोठणबिंदू | गुरुवार, सकाळी ८:२०

मी भू-तंत्रज्ञानात काम करतो. आणखी उत्तरेची बाजू जोडतो.

नुनावुत या कॅनडाच्या अति-उत्तरेकडच्या प्रदेशात २५ वस्त्या, एकही दुसरीला रस्त्याने जोडलेली नाही. नुनाविकमध्ये १४ गावं, तिथेही तेच. नुनाविकच्या बहुतेक धावपट्ट्या ऐंशीच्या दशकात, क्री आणि इन्युइट लोकांशी झालेल्या जेम्स बे कराराच्या (१९७५) पाठोपाठ झाल्या. तेव्हा गृहीत धरलं होतं की खालची जमीन कायम गोठलेलीच राहील. आता तासिउजाक, सालुइत अशा ठिकाणी भराव खचतोय. भरावाच्या उताराशी वाऱ्याने बर्फ साचतो, तो रजईसारखा जमिनीची थंडी बाहेर पडू देत नाही, आणि उन्हाळ्यात पायथ्याशी पाणी मुरलं की आतला बर्फ वितळतो. लावाल विद्यापीठाच्या उत्तर अभ्यास केंद्राने यावर अनेक वर्षं काम केलंय. उपाय आहेत: उतार सौम्य करा म्हणजे बर्फ साचणार नाही, पाण्याला दुसरी वाट द्या, भरावात उष्णता बाहेर काढणारे थर घाला. यातलं बरंचसं काम ग्रेडर आणि डोळस माणूस करू शकतो, पण दर वर्षी करावं लागतं, आणि 'दर वर्षी' साठी निधी मिळत नाही. नवीन इमारतीसाठी मिळतो.

हिशेबनीस | गुरुवार, दुपारी १२:४५

पुनर्वसनाबद्दलचं उत्तर वाचलं. इनुकजुआकच्या कुटुंबांबद्दल मला आजवर काहीच माहीत नव्हतं. एक विचारतो, भाडं एवढं का? मालवाहतुकीला अनुदान आहे ना? मग पिठाच्या किमती तरी का उतरत नाहीत?

उत्तरायण | गुरुवार, रात्री ८:३०

२०११ च्या एप्रिलपासून 'न्यूट्रिशन नॉर्थ' नावाची योजना आहे. अनुदान किलोमागे मिळतं, पण ते दुकानदाराला. अर्थशास्त्राच्या एका अभ्यासात दिसलं की एका डॉलरमधले सरासरी ६७ सेंटच गिऱ्हाइकापर्यंत किमतीतून पोचतात, आणि एकच दुकान असलेल्या गावात याहूनही कमी. स्पर्धा असली की फरक पडतो.

म्हणून मला मालकी महत्त्वाची वाटते. एअर इन्युइट १९७८ साली सुरू झाली, ती नुनाविकच्या इन्युइट लोकांच्या माकिविक या संस्थेची आहे. क्री लोकांची एअर क्रीबेक १९८२ ची. आमच्या भागात वासाया ही फर्स्ट नेशन्सची. तोटा-नफा त्यांनाही सुटत नाही. पण कुणाची फेरी बंद करायची हे ठरवणाऱ्या टेबलाशी त्या गावाचं माणूस बसलेलं असतं.

पाना_हातोडा | गुरुवार, रात्री ९:५५

गोठणबिंदू, माझा तुमच्याशी एक वाद आहे. माझ्या मते आता या पट्ट्यांवर डांबर घालायलाच हवं. खडीवर उतरणारी जेट विमानं म्हातारी झाली, नवी बनत नाहीत. नुनावुतमध्ये इकालुइत आणि रँकिन इनलेट सोडता डांबर कुठेच नाही. जेट उतरलं तर माल स्वस्त होईल.

गोठणबिंदू | गुरुवार, रात्री ११:०२

आणि काळं डांबर ऊन शोषतं, खालचा बर्फ वितळतो, पट्टी लाटांसारखी होते. इकालुइतला टॅक्सीवेच्या (विमानं धावपट्टीपर्यंत नेण्याच्या वाटेच्या) खाली हेच झालं आणि खूप पैसा ओतून दुरुस्त करावं लागलं. तिथे त्या मानाने मोठं शहर आहे, नवी टर्मिनल इमारत २०१७ ला झाली, यंत्रं हाताशी आहेत. तीनशे वस्तीच्या गावात डांबराला तडे गेले तर दुरुस्तीचा प्लांट जहाजाने पुढच्या उन्हाळ्यात येणार. खडी निदान गावचा ग्रेडरवाला दुसऱ्या दिवशी सरळ करतो. जिथे खाली खडक आहे तिथे डांबर घाला, मी पहिला सही करेन. बाकी ठिकाणी आधी बोअर मारून खाली बर्फ किती आहे ते बघा.

सुनंदा_आर | शुक्रवार, पहाटे ५:५०

तुमचं दोघांचं ठरेपर्यंत दिवे तरी लावा. दिव्यांना ना डांबर लागतं, ना बोअर. मी ज्या गावात होते तिथल्या बँड कौन्सिलच्या (गावाच्या आदिवासी परिषदेच्या) मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर तेच होतं, दुसऱ्यावर डी-आयसिंगचा गरम साठा, आणि डांबर यादीतच नव्हतं.